कडा तुटलेल्या गोळ्या

नालागढ, हिमाचल
१२ मे २०२४

ती. बा आणि ती. आई यांस,

प्रणितचा सा. न. त्याच्यापुढे वि. वि. पण लिहायचं असतं, पण ते म्हणजे काय हे मास्तर सांगायच्या आत मी शाळा सोडलेली, म्हणून तेवढं तुम्ही समजून घ्या.

मी फोन का करत नाही म्हणून आईने माझ्याबरोबर काम करणाऱ्या महिपतकडे निरोप दिला, तो भेटला. आई, इथे गेटच्या आत शिरलं की फोन गार्डकडे जमा. रविवारी दोन तास देतात, ते पण त्याच्या टेबलाजवळ उभं राहून बोलायचं. तिकडे तू स्पीकर लावतेस, शेजारच्या तीन बाया ऐकायला बसतात. इकडे गार्ड ऐकतो. मग जेवलास का, जेवलो, एवढंच होतं. म्हणून पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर बा ला लागेल, त्याचं पण असंच आहे.

शहाडला चार महिने, आंबिवलीला दोन, वापीला एक दिवाळी, असं बोटावर मोजून ताय मला चिडवते. तिला सांग, इथे आठ महिने झाले आणि मी अजून पळालो नाही. थंडी होती तेव्हा दोनदा बॅग भरलेली, खोटं कशाला बोलू. पण काम आवडलंय.

आमची कंपनी लहान आहे, पण औषध मोठं बनवतात. अजून दुकानात मिळत नाही. वरचे साहेब अनिमेष सर, आपल्या ठाण्याचेच, नौपाड्यातले, माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांनी एकदा सगळ्यांना बसवून सांगितलेलं की जखमेवरची, तापावरची जुनी औषधं आता कितीतरी जंतूंवर चालत नाहीत. हे नवीन त्यांच्यावर चालतं. बारा वर्षं घालवलीत त्यांनी याच्यामागे. जुनी का चालत नाहीत ते पण सांगत होते, पण चहाची वेळ झालेली आणि माझं लक्ष किटलीकडे.

माझं काम गोळ्या बघायचं. पट्ट्यावरून गोळ्या येतात, जिची कड तुटलेली ती उचलून लाल पिशवीत टाकायची. पिशवी संध्याकाळी वजन करून जाळायला जाते. औषध तेच असतं बा, फक्त कड नसते. बोंबील मोडला म्हणून आपण कधी फेकलाय का? मला ते जाळलेलं बघवेना. म्हणून वजनाच्या आधी थोड्या काढून ठेवल्या. महिपत शहाडला घरी चाललाय, त्याच्या हातून राजमा पाठवलाय. त्याच्या मधोमध कागदाची पुडी आहे. महिपतला राजमाच माहीत आहे.

बा, तुझ्या पायाला कालवाची शिंपली लागलेली ती जखम साखरेमुळे भरत नाही असं आई बोललेली. सकाळी एक, संध्याकाळी एक घे. तायला सांगू नको. ती हॉस्पिटलच्या लॅबमधली, आधी प्रवचन देईल आणि मग पुडी घेऊन जाईल.

लोभ ठेवा असं शेवटी लिहितात. तो ठेवाच, पण थोडा ओरडा पण पाठवा. इथे हक्काने ओरडणारं कोणी नाही.

तुमचा
पण्या

*

कळवा
२ जून २०२४

चि. प्रणित यास बाप नामा याचे आशीर्वाद. आई पण हात वर करून देते असं लिही बोलली.

तुजं पत्र भेटलं. राजमा शिजला नाय, तुज्या आईनं तीन शिट्या जास्त दिल्या तरी तसाच. गोली मात्र भारी. दोन दिस घेतली आनि पाय सुकला. ठणका गेला तशी बंद केली, उगाच चांगला माल कशाला संपवायचा. पावसाल्यात होडी वर काढली की हाताला कायतरी लागतच रहातं, तेव्हा उपयोगी पडेल. सुकी मासली ठेवतो तशी डब्यात ठेवली.

उत्तमच्या अंगठ्यात शिंगाल्याचा काटा घुसलेला. त्याला अर्ध्या दिल्या. त्याला बोललो, होडीवर आपण दोघं, जालं पण दोघांचं, तर जे येईल त्याचे वाटे दोन. तो बोलला, पण्या आता डाक्टर झाला. मी बोललो, डाक्टर नाय, पण आठवी नापास होऊन पण बापाला विसरला नाय.

ताय दारात आली की मी डबा सारतो. तुजी आई तोंडाला पदर लावून हसते. आनखी मिळाल्या तर पाठव.

काम सोडू नको. आमच्यावर आस ठेवतोस तशीच त्या कामावर पन ठेव.

तुजा
बा

*

नालागढ
२५ ऑगस्ट २०२४

ती. बा यांस सा. न.

दुसरी पुडी पोचली असेल, तिसरी या वेळेस आक्रोडाच्या पिशवीत आहे. राजम्याला आईने नावं ठेवली म्हणून बदल. पाय पुन्हा चिघळला आणि पुन्हा दोन दिवसांत बसला असं तू लिहिलंस, वाचून बरं वाटलं. प्रत्येक वेळेला बसतोय म्हणजे औषध खरं आहे.

इथे आता गडबड आहे. औषध मोठ्या रुग्णालयांत माणसांवर तपासायला जाणार आहे. अनिमेष सर चालता चालता गुणगुणतात. पट्ट्यावर आम्ही सहा जण. सर बोलले, तुमच्या सगळ्यांच्या हातातून गेलेली गोळी कोणाला तरी उठवून बसवणार आहे. मी मनात बोललो, माझ्या बापाला तर कधीच बसवलं.

ती सगळ्यांच्या आधी खाल्लेला तू जगातला पहिलाच असशील बा. उत्तमकाकांना पण सांग, दुसरा नंबर त्यांचा. पण बाहेर बोलू नका.

रागावलात तर पत्रात रागवा, माझ्याकडे ते पुन्हा पुन्हा वाचायला असतं.

पण्या

*

डोंबिवली
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय पण्या,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक कान पिळून.

रविवारी फोनवर बा आजारी आहे एवढंच बोलले, कारण आई शेजारी होती. खरं ते लिहिते. बा चा पाय घोट्यापर्यंत काळा पडलाय. दिवाळीपासून ताप होता, तो मला कोणी सांगितला नाही. मी घरी गेले तेव्हा वासावरून कळलं. मी काम करते त्याच रुग्णालयात आणलंय त्याला. कळव्याहून रिक्षात बसताना उत्तमकाका उचलायला आले तर त्यांना ढकललं, बोलला मी चालत जाणार. आणि गेला चालत.

जखमेतला पू माझ्याकडेच तपासायला आला. आम्ही काय करतो ते तुला कधी सांगितलं नाही, तू ऐकलंही नसतंस. काचेच्या बशीत जंतू पसरतो, त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी जंतूंची साय येते. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो, तिथे जंतू फिरकत नाही. बा च्या बशीत आठ चकत्या होत्या. एकाही भोवती गोल नव्हता. साय थेट कागदाला चिकटलेली. मी तिच्यावर नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

आता चांगलं ऐक. आमच्या आसावरी मॅडम म्हणून मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे एका नवीन औषधाची चाचणी सुरू आहे, अशाच रुग्णांसाठी. खोक्यावर कारखान्याचं गाव वाचलं, नालागढ. मी मॅडमना सांगितलं की माझा भाऊ तिथे गोळ्या निवडतो. आयुष्यात पहिल्यांदा तुझं काम सांगताना माझी मान वर होती. मॅडम हसल्या, बोलल्या की मग वडिलांना हे औषध लागू पडलंच पाहिजे.

आधी कुठली औषधं घेतली असं बा ला विचारलं. तो बोलला, साखरेच्या गोळीशिवाय काही नाही. तसं फॉर्मवर लिहून मी सही केली. उद्या नव्या औषधाची चकती बशीत ठेवायची, परवा गोल दिसला की औषध सुरू.

तिकडे स्वेटर घाल. आठवण काढ, पण काम करता करता काढ.

तुझी
ताय

*

डोंबिवली
२१ नोव्हेंबर २०२४

प्रणित,

गोल आला नाही.

पहिल्यांदा वाटलं चकती खराब असेल. दुसरी लावली, मग दुसऱ्या खोक्यातली. तीन बशा झाल्या. आसावरी मॅडम स्वतः येऊन बघत उभ्या राहिल्या. त्या बोलल्या की हे औषध बाजारात नाही, तर याच्याशी लढायला हा जंतू शिकला कुठे. त्यांनी कंपनीला कळवलं. चार शहरांत नवीन रुग्ण घेणं थांबलंय. तुमच्या लोकांना वाटतंय औषधच कच्चं आहे, जंतू आपोआप त्याला पुरून उरतोय. असंच ठरलं तर ते बंद करतील.

मी ते घरी सांगत होते आणि आईने उठून फळीवरचा डबा काढला. माझ्या पुढ्यात ठेवला. आत अकरा गोळ्या, सगळ्यांच्या कडा तुटलेल्या. मी त्या गोळ्या रोज खोक्यात बघते पण्या. मला नाव वाचायची गरज नव्हती.

मी तुला शिव्या देणार होते. कागद घेतला तेव्हा मनात भरपूर होत्या. पण आईने सांगितलं की बा दोन-दोन दिवस घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, पोराने पाठवलेलं संपू नये म्हणून. मे महिन्यापासून सहा-सात वेळा. दर वेळी जंतू अर्धे मेले, आणि जे उरले ते शिकून उरले. तू त्याला औषध पाठवलंस आणि त्याने त्या जंतूंची शाळा घेतली. तुम्हा दोघांत शाळा शिकलं ते कोण, बघ.

बा ने मला आईची शपथ घातलीय. बोलतो, पाय जाईल तर जाऊ दे, पोरगा पहिल्यांदा एका जागी टिकलाय, त्याचं नाव काढायचं नाही. मी मॅडमना अजून काही बोलले नाही. मी बोलले तर ती बहिणीने केलेली तक्रार होईल. तू बोललास तर ते वेगळं. पण तू गप्प बसलास तर मी पण गप्प बसेन असं समजू नको. सोमवारपर्यंत थांबते.

शनिवारी पाय गुडघ्याखाली कापणार. एक जुनं इंजेक्शन चालू केलंय, ते किडनीवर येतं, पण दुसरं काही उरलं नाही.

ताय

*

नालागढ
२५ नोव्हेंबर २०२४

ताय,

सा. न. लिहायची पण लाज वाटते, तरी लिहितो.

तुझं पत्र आज सकाळी आलं. वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसलो. पहिला विचार पळायचाच आला. बॅग भरली पण. पठाणकोटची बस साडेदहाला असते. मी काय आहे ते तुला माहीत आहे, म्हणून लपवत नाही. मग डोक्यात आलं की मी पळालो तरी त्या तीन बशा तिथेच राहणार.

अनिमेष सरांच्या केबिनला गेलो. ते फोनवर कोणाला तरी समजावत होते की आम्ही चुकलो असू, पुन्हा बघतो. तीन-चार दिवसांत माणूस उतरलाय. फोन ठेवल्यावर मी सांगितलं की सर, औषध चुकलं नाही, ज्याच्यावर चाललं नाही तो माझा बाप आहे आणि त्याने ते आधी खाल्लंय. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग मी हाताने करून दाखवलं, लाल पिशवीतून कशा काढायचो, मोज्यात कशा ठेवायचो.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद घेतला आणि तारखा विचारल्या. कितव्या महिन्यात किती, बा ने किती दिवस घेतल्या, मधे किती दिवस बंद. मला जेवढं पत्रांतून माहीत होतं तेवढं सांगितलं. सगळ्यात शेवटी विचारलं, एकदा तरी सलग चौदा दिवस घेतल्या का. मी नाही बोललो. ते बोलले, पूर्ण घेतल्या असत्या तर चोरीच राहिली असती ती, एवढंच.

मला गेटवर बसवलंय. फोन काढून घेतला, रविवारचा पण बंद. चौकशी होईपर्यंत कंपाउंड सोडायचं नाही, पोलिसांत द्यायचं की नाही ते मग. महिपतला काही माहीत नव्हतं हे मी लेखी दिलंय. पण सर एका गोष्टीवर थांबले. मी सांगितलं की अर्ध्या उत्तमकाकांना गेल्या. ते बोलले की आधी तिकडचं बघ, आजच घरी कळव. सर स्वतः आसावरी मॅडमना फोन करतायत, तरी तू पण जा ताय. काकांच्या अंगठ्याचा पू घे, आणि त्यांच्याकडे उरलेल्या गोळ्या घे.

खालचा भाग बा ला वाचून दाखव.

बा, तू मला वाचवायला शपथ घातलीस. मी ती मोडली. माझं काम गेलं, पण मी पळालो नाही. एवढं एक तुला हवं होतं ना. तू बरा हो. पाय नसला तरी चालेल, होडी मी नेईन, तू मागे बसून शिव्या दे.

पण्या

*

कळवा
३ डिसेंबर २०२४

प्रिय पण्या,

बा गेल्याचं तुला गार्डने निरोप म्हणून सांगितलं असेल. मी त्याला हळू सांगा बोललेले. त्याने कसं सांगितलं कोण जाणे.

पाय कापला, तरी जंतू तोपर्यंत रक्तात उतरलेले. किडन्या चौथ्या दिवशी बंद पडल्या. शुक्रवारी सकाळी गेला. तुला सोडावं म्हणून आसावरी मॅडम बोलल्या होत्या तिकडे, त्यांनी ऐकलं नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

तुझं पत्र मी गुरुवारी वाचून दाखवलं. तोंडात नळी होती. होडी मी नेईन हे वाचलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मग मी विचारलं की उत्तमकाकांच्या गोळ्यांचं काय करू. त्याने हाताने आण अशी खूण केली. तेवढंच. मी त्याचा अर्थ घेऊन ये असाच लावलाय.

काका देत नाहीत. अंगठा सुजलाय, ते हात पाठीमागे धरून बोलतात. नामा चालत गेला आणि फडक्यात आला, मी त्या दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही, असं बोलतात. गोळ्या मागितल्या तर बोलले, नामाने दिलेला वाटा आहे, शेवटचा, मी तो देणार नाही. मला माहीत आहे की ठणकलं की ते त्यातल्या दोन घेणार. मी भांडले, रडले. कालपासून दार पण उघडत नाहीत.

मॅडम सांगतात की अंगठ्यात हाच जंतू असेल तर तो आपल्या दोन घरांपुरता राहणार नाही. बाजारात मासळी त्याच हाताने विकतात.

तुझं ते ऐकतील. तू लिही. मी नेऊन देईन आणि बाहेर उभी राहून मोठ्याने वाचेन.

आई बरी आहे म्हणजे भांडी घासते. डबा तिने मला देऊन टाकला.

ताय

*

नालागढ
९ डिसेंबर २०२४

ती. उत्तमकाका यांस,

प्रणितचा साष्टांग नमस्कार. या वेळेला पूर्ण लिहिला.

ताय दाराबाहेर उभी राहून हे वाचतेय. दार उघडू नका पाहिजे तर, पण ऐका. मधे थांबून गप्पा मारायची तिला सवय नाही, त्यामुळे थोडक्यात संपेल.

बा ला मी मारलं. दवाखान्याने नाही. तो चालत गेला तेव्हाच आत सगळं झालेलं, आणि ते मे महिन्यापासून मी पुड्या बांधून पाठवत होतो. तुम्ही ज्या गोळ्या जपून ठेवल्यात त्याच. मला वाटलं बापासाठी चांगलं काहीतरी चोरतोय. त्याला वाटलं पोराचं आहे, पुरवून खाऊ. तुम्हाला वाटतंय मित्राचं आहे, ठेवून देऊ. आपण तिघांनी पण मायेनेच केलं, आणि जंतूला मायेशी काही देणंघेणं नाही.

वाटा म्हणून तुम्ही धरून बसलात. काका, मी तुमच्या होडीवर लहानपणी आलेलो, मला माहीत आहे वाटा सोडायचा नसतो. पण जाळ्यात विषारी फुगा मासा आला तर तुम्ही त्याचे वाटे पाडता का? हातात घेऊन तसाच खाडीत टाकता. माझ्या देखत किती वेळा टाकलात. या गोळ्या तसल्या समजा. मात्र खाडीत टाकू नका, तायच्या हातात द्या, खाडीत गेल्या तर तिथले जंतू शिकतील, पुन्हा तेच.

अंगठा ठणकतोय आणि दोन गोळ्या घेतल्या की थांबतो, बरोबर ना? बा चा पण थांबायचा. तो थांबला की वाटायचं बरं झालं.

ताय तुमच्या अंगठ्याचा पू बशीत लावेल. सायीत गोल दिसला तर औषध तुमच्यावर अजून चालतं. मॅडम ते चौदा दिवस स्वतः समोर उभं राहून देतील, आणि हात वाचेल. गोल नाही दिसला तर लवकर कापून अंगठ्यावर भागेल, नंतर खांद्यावर पण भागणार नाही. घाबरवत नाही, बा च्या वेळेला हे सांगणारं कोणी नव्हतं.

आणखी एक. अनिमेष सरांनी मला चौकशीत विचारलं की गोळ्या आणखी कोणाकडे गेल्या, मी बोललो फक्त काकांकडे. तुम्ही पण कोणाला दिल्या असतील तर त्यांची नावं तायला सांगा. सुनेला ताप आलेला तेव्हा दिलीत का? शेजारच्या मंजुळाकाकूच्या दाढेला दिलीत का? तुम्ही एकट्याने खाणारे नाहीत, म्हणून भीती वाटते. राग कोणी धरणार नाही. सर बोलले, सगळी नावं कळली तर औषध अजून वाचू शकतं, ते कच्चं नव्हतं हे दाखवता येईल. बारा वर्षं आहेत त्यांची. माझ्या हातून सहा महिन्यांत गेली.

मी इकडे किती दिवस असेन ते माहीत नाही. पोलीस येऊन गेले. सुटलो की पहिला तुमच्याकडे येणार, तेव्हा पाहिजे तेवढं मारा, त्याच हाताने.

आता दार उघडा काका. तायला आत घेऊ नका, उंबऱ्यातच हात पुढे करा.

तुमच्या नामाचा
प्रणित